धरून राह्यलो होतो

दत्तू, तुझ्या तेरवीच्या पंगतीत वांग्याची भाजी खारट झाली होती आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. तू असतास तर वाढप्याला जवळ बोलावून विचारलं असतंस, की बाबा, मीठ टाकणारा एकटाच होता की त्याला साह्य करणारेही कोणी होते? पंगतीतले चार वकील हसले असते आणि मी, कोर्टाचा लेखनिक, 'झालं याचं सुरू' म्हणून पानात मान घातली असती. मान घातलीच मी, पण ती रडू येत होतं म्हणून.

परवा सुशीलावहिनींनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. तुझे कागद बांधून ठेवायचे होते. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते माझ्याशिवाय कोणाला लागणार? तुझ्या खुर्चीत बसवेना, म्हणून खाली सतरंजीवर बसलो. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की शेवटचे काही महिने तू एकच फाइल काढून बसायचास, पुन्हा बांधायचास. ती कुठली, हे त्यांना माहीत नव्हतं. मला ती न सांगता कळली.

त्या फाइलीकडे जायला मला अजून धीर होत नाही. आधी चपलांचं बोलतो.

आपण मॅट्रिकला होतो. गणिताच्या मास्तरांच्या मागच्या आवारात जांबाचं झाड होतं. चपला घालून चढता येईना म्हणून तू त्या काढून माझ्या हातात दिल्यास आणि वर गेलास. एकाही जांबाला तुझा हात लागला नव्हता, तोच फांदी कडाडली, मास्तर बाहेर आले आणि मी तुझ्या चपला घेऊन जो पळालो तो थेट नाल्यापर्यंत. तिथं भीतीपोटी चपला पाण्यात टाकून दिल्या. तू हातावर छड्या खाल्ल्यास, माझं नाव सांगितलं नाहीस आणि बोरीबाभळीच्या काट्यांतून अनवाणी घरी गेलास.

पुढं नागपूरहून कायदा शिकून आलास आणि आल्या आल्या पहिला खटला माझ्यावरच चालवलास. जांब हाताला लागला नाही, म्हणजे चोरी झाली नाही. झाडाकडं टक लावून बघत होतो ती नुसती तयारी, आणि तयारीला कायदा सहसा हात लावत नाही. पण फांदीवर पाय ठेवला तिथं प्रयत्न सुरू झाला, आणि अपुरा राहिलेला गुन्हासुद्धा गुन्हाच. इथपर्यंत तू स्वतःला दोषी ठरवायचास. मग माझ्याकडे वळायचास. "आन् तू चपला धरून उभा होता. हजर राहून साह्य. म्हणजे जांब तूच तोडले, असं कायदा धरते."

मी म्हणायचो, चपला तू दिल्यास म्हणून धरल्या, मला कुठे जांब हवे होते? तू म्हणायचास, नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही, पण हात रिकामे पाहिजेत. वीस वर्षं हा वाद चालला. दिवाळीच्या फराळावर चालला, तुझ्या लग्नाच्या वरातीत चालला, माझ्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा चालला. माझं मन रमावं म्हणून तू तो काढायचास, हे तेव्हाही कळत होतं. त्याबद्दल कधी काही बोललो नाही. आज बोलतो. त्या पायरीवर तू नसतास तर मी कोसळलो असतो.

आता फुलसिंगकडे यायलाच हवं.

नवं राज्य झालं, आपण मुंबईच्या अमलाखाली गेलो आणि यवतमाळला पुण्याकडचे मॅजिस्ट्रेट आले. माणूस सज्जन. दुसऱ्याचा चहा घ्यायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. जांब म्हणजे पेरू हे कळायला त्यांना सहा महिने लागले. पहिल्याच आठवड्यातला तो किस्सा तूच साऱ्या बाररूमला सांगत फिरलास. साहेबांनी मला बोलवायला शिपाई पाठवला. शिपाई परत जाऊन म्हणाला, "ते जेवून राह्यले." साहेब म्हणाले, "जेवून राहिले आहेत ना, मग यायला काय हरकत आहे?" इकडे माझा घास हातात आणि तिकडे साहेबांच्या हिशेबी मी हात धुऊन सुपारी खातोय. आपल्याकडे 'जेवून राह्यलो' म्हणजे जेवण चालू आहे. त्यांच्याकडे 'जेवून' म्हणजे जेवण संपलं. त्या दिवशी किती हसलो आपण. हसता हसता तुला ठसका लागला होता.

साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जबाब शुद्ध मराठीत उतरवत जा, वरच्या कोर्टात वाचणाऱ्याचा घोटाळा नको. मला तर आनंदच झाला. शाळेत शुद्धलेखनात पहिला येणारा मी. 'जाऊन राह्यलो होतो' असं कोणी म्हणालं की मी 'जात होतो' लिहायचो, 'पाहून राह्यली' म्हणालं की 'पाहत आहे'. साहेब वाचून मान डोलवायचे आणि मी घरी येऊन बायकोला सांगायचो. माणसाला फुगायला फार लागत नाही.

कळंबच्या रस्त्यावरच्या तांड्यातले ते दोघे भाऊ, मेरसिंग आणि फुलसिंग. त्यांचे बैल शेजारच्या खंडुजीच्या कपाशीत शिरले, खंडुजी ते कोंडवाड्याकडे हाकत निघाला, आणि मेरसिंग कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागे धावला. फुलसिंग भावाच्या मागे धावला. कुऱ्हाड मानेवर यायची ती खांद्यावर पडली. खंडुजी वाचला, हात मात्र गेला. म्हणजे मेरसिंगवर खुनाच्या प्रयत्नाचा खटला, आणि प्रश्न उरला तो फुलसिंगचा. तिघांच्या झटापटीत त्याने कोणाला धरलं होतं? भावाला धरलं असेल तर तो वाचवणारा. खंडुजीला धरलं असेल तर साह्य करणारा, आणि शिक्षा भावाच्या बरोबरीची. खंडुजी म्हणाला, मागून ओढाताण झाली, कोणी कोणाला ओढलं ते दिसलं नाही. लांबच्या शेतातल्या साक्षीदाराला नुसती धुळीत तीन माणसं दिसली.

मॅजिस्ट्रेटसमोर फुलसिंग उभा राहिला. घरात त्यांची बंजाऱ्यांची गोरबोली, म्हणून साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं की दुभाषी हवा का. तो जरा दुखावला. म्हणाला, "कायले? मले मराठी येते." मग सगळं नीट सांगितलं. बैल कसे सुटले, भाऊ कसा धावला. आणि शेवटी म्हणाला, "मी त्याले धरून राह्यलो होतो साहेब, तं तेवढ्यात कुऱ्हाड पडली."

दत्तू, त्या जबाबात मी पंधरा ठिकाणी 'राह्यलो' सुधारून नीट 'होतो' केलं होतं. सोळाव्या ठिकाणी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, माझी टाकातली शाई संपत आली होती, आणि मी अर्थ न सुधारता नुसतं स्पेलिंग सुधारलं. 'मी त्याला धरून राहिलो होतो, तेवढ्यात कुऱ्हाड पडली.' राह्यलोचं राहिलो. एका अक्षराचं काम. मग नियमाप्रमाणे त्याला जबाब वाचून दाखवला. आणि वाचताना जीभ आपली वऱ्हाडीच. कागदावर 'राहिलो', तोंडातून 'राह्यलो'. फुलसिंगला आपलाच शब्द ऐकू आला. त्याने मान हलवली आणि अंगठा दिला.

सेशनला जबाब पुराव्यात वाचला गेला. तू उभा राहून सांगितलंस की हा माणूस म्हणतो, मी भावाला धरत होतो, धरणं पुरं व्हायच्या आत घाव पडला. अर्धवट राहिलेला गुन्हा आपण गुन्हा मानतो, मग अर्धवट राहिलेलं भलं काम भलं का मानू नये? मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि मला तुझा अभिमान वाटत होता, इतका गाढव मी. मग न्यायाधीशांनी जबाब उचलून म्हटलं की याच कागदावर पंधरा ठिकाणी 'जात होतो', 'पाहत होतो' आहे. 'धरत होतो' म्हणायचं असतं तर इथंही तसंच लिहिलं गेलं असतं. लिहिलंय 'धरून राहिलो'. म्हणजे धरलं, आणि घाव पडेपर्यंत सोडलं नाही. आणि भाऊ कुऱ्हाड घेऊन मोकळा होता, तर धरलेला माणूस खंडुजीच.

बरोबर होतं त्यांचं. कागदावर जे होतं त्यावरून बरोबरच होतं. मेरसिंग ओरडला की फुलसिंगनं काही नाही केलं, पण भावाचं कोण ऐकतो? दोघांनाही सात सात वर्षं. फुलसिंग वळून माझ्याकडे पाहत होता. रागाने नाही, नुसता बघत होता. ज्याने वाचून दाखवलं त्याने आता उठून काहीतरी सांगावं, असं त्याला वाटत असावं. मराठी येत होती त्याला. आम्हाला आली नाही.

त्या संध्याकाळी आपण चालत घरी निघालो. आर्णी रोडचं वळण आलं. तिथं थांबून विचारलंस, "केश्या, तो नेमकं काय म्हणला होता, तुले आठवते का?"

मला आठवत होतं. अक्षर न् अक्षर आठवत होतं. पण मला नोकरी दिसली, तीन मुली दिसल्या, साहेबांची डोलणारी मान दिसली. मी म्हणालो, "जे लिहिलं तेच म्हणला." तू एवढंच म्हणालास, "बरं." मग आपण भाजी बाजारात गेलो आणि तू मेथी घेतलीस. मला ती मेथीची जुडी अजून दिसते.

नागपूरला अपील फेटाळलं गेलं. त्यानंतर तू मला त्या खटल्याबद्दल कधीच विचारलं नाहीस. जांबाचा वाद मात्र पूर्वीपेक्षा जास्त काढायला लागलास. दर रविवारी. साह्य करणाऱ्याने मागाहून मन बदललं तर काय? हातातल्या चपला वेळेवर टाकून दिल्या आणि मोठ्याने ओरडून मास्तरांना बोलावलं तर तो सुटतो का? मी कंटाळायचो. एकदा चिडून म्हणालो की दत्तू, आपण आता चाळिशी ओलांडली, पुरे कर. तू हसलास आणि बुद्धिबळाचा डाव मांडलास. ज्या सोमवारी तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात नेरच्या बसमध्ये चढताना, पायरीवरून वळून म्हणालास, "कवा देतं मंग माह्या चपला?" मी म्हणालो, नाल्यातून काढून आण. हे आपलं शेवटचं बोलणं. कंडक्टरने घंटी मारली आणि बस गेली.

आता फाइल.

वर जबाबाची नक्कल होती, माझ्याच अक्षरात. 'राहिलो'भोवती तांबड्या पेन्सिलीचं वर्तुळ आणि बाजूला तुझ्या कोंबडीच्या पायांत 'राह्यलो?'. खाली आणखी एक कागद. अपिलाच्या कोर्टाला अर्ज, की जबाब उतरवून घेणाऱ्या लेखनिकाची साक्ष घ्यावी. माझं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सगळं लिहिलेलं. तारखेची जागा कोरी. खाली वकिलाच्या सहीची जागा कोरी. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने एकच ओळ: 'केशव स्वतः येईल. आठ दिवस थांबू.'

मी ती ओळ किती वेळ वाचत होतो ते माहीत नाही. वहिनी दारात होत्या त्या आत निघून गेल्या.

तुला माहीत होतं. आर्णी रोडच्या वळणावर 'बरं' म्हणालास तेव्हाच माहीत होतं. मग ओढून का नेलं नाहीस मला? साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला असतास तर मी काय, खोटं बोललो असतो? कदाचित बोललो असतो, आणि तेच तुला बघायचं नव्हतं. पण तू वकील होतास, दत्तू. फुलसिंगचा वकील होतास. आठ दिवस थांबलास, अपील निघालं, संपलं, आणि तू माझ्यासोबत बुद्धिबळ खेळत बसलास. मला वाचवण्यापायी त्याला बुडवलंस. मी तुझ्या उशाशी येऊन भांडलो असतो यावर, गळा धरला असता तुझा. उशी आता भिंतीशी उभी करून ठेवली आहे वहिनींनी.

जांबाच्या वेळी चपला मी धरल्या होत्या. या वेळी माझ्या चपला तू धरून उभा होतास. आणि मी झाडावरून खाली उतरेन म्हणून वाट बघत होतास. माझ्यावर एवढा विश्वास टाकायला कोणी सांगितलं होतं तुला? माझ्या बायकोचाही नाही एवढा. मला तुझा राग येतो आणि त्याच पोटात इतकी माया येते की हातातला कागद भिजतो. तू चुकलास. तुझ्याइतकं मला कोणी चांगलं समजलं नाही, आणि त्यातही तू चुकलास.

काल कळंबला गेलो. बाजाराचा दिवस होता. फुलसिंगची म्हातारी आई, धेनीबाई, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर डिंक घेऊन बसते. तुला ओळखायची ती. प्रत्येक बाजाराला तू तिच्याकडून डिंक घ्यायचास, आणि वहिनींकडे त्याचे डबेच्या डबे भरलेत, हे मला परवा कळलं. तांड्यातले सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणालो. तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. काय म्हणाला होता, काय लिहिलं, काय वाचलं. सांगायला फार वेळ लागला नाही. तीन वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते एक बिडी ओढून संपायच्या आत संपलं.

तिने एका गिऱ्हाइकाला डिंक दिला. मग म्हणाली, "मले ठाव व्हतं बाबू, माह्या पोरानं भावालेच धरलं. कागदाले ठाव नव्हतं." आणि विचारलं, "आता कागदाले सांगतं का?"

मी म्हणालो, "लिहून राह्यलो, याडी."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत फूल पडलंय तिच्या, तरी नजर चुकवता येईना. "राह्यलो नोको सांगू. वकीलसाहेब गेले तवापर्यंत मी तेच आयकून राह्यली. लिहलं, असं येऊन सांगजो."

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. तयारी आणि प्रयत्न यांच्यामधली जी रेघ तू वीस वर्षं मला समजावत होतास, ती त्या म्हातारीने कायदा न शिकता दाखवली. तुझा अर्ज तयारी. माझी रोजची 'उद्या सांगू' ही तयारी. भल्या कामाच्या तयारीला तर कोणीच हात लावत नाही, ती आयुष्यभर करत बसावी.

आज सकाळी तुझ्या ज्युनिअरकडे गेलो. तो म्हणाला, अपील संपलं, आता सरकारकडे दयेचा अर्ज आणि त्याला माझा प्रतिज्ञालेख, एवढाच रस्ता आहे. मंजूर होईल की नाही सांगता येत नाही, आणि माझ्यावर चौकशी बसेल हे मात्र नक्की सांगता येतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने थोरलीच्या ठरत आलेल्या सोयरिकीचं नाव काढलं आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. संध्याकाळी मात्र दिवा पुसून माझ्या पुढ्यात आणून ठेवला तिनंच.

मी लिहायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा अशुद्ध लिहिलं. आरोपी जे बोलला ते बोलला तसं, 'मी त्याले धरून राह्यलो होतो साहेब'. मुद्दाम ठळक लिहिलं. त्याखाली, आर्णी रोडला तुला दिलेलं उत्तर खोटं होतं, हेही लिहिलं. खटल्याशी त्याचा संबंध नाही, ज्युनिअर ते खोडायला सांगेल. सांगू दे.

येत्या बाजाराला याडीकडे जाऊन 'लिहिलं' एवढंच सांगायचं आहे. फुलसिंगची चार वर्षं बाकी आहेत. त्यातली किती परत मिळतील कोण जाणे, गेलेली तीन तर मिळतच नाहीत.

तुझा तो अर्ज मी सोबत जोडतो आहे. आता त्याचा कायद्यात काही उपयोग नाही, पण एका माणसाला तीन वर्षांपूर्वी खरं कळलं होतं, एवढं तरी कोणी वाचावं. त्यात तारीख घालावी म्हणून पेन उचललं होतं, पण ती जागा माझी नव्हे. दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खालच्या कोपऱ्यांकडे पाहत बसलो. माझी सही झाली, दत्तू. तुझी राहिली.